चिंतनाला दुसरा माणूस लागतो



शिरड शहापूरचे नाव दूरवर पोचले ते भगवान मल्लिनाथांच्या अतिशय क्षेत्रामुळे. ही मूर्ती अर्धापूरहून येथे आणली असे सांगतात, आणि औंढा-वसमत वाटेवरचे हे गाव त्यामुळे यात्रेकरूंचे झाले. एकोणिसाव्या तीर्थंकरांविषयी जैनांच्या दोन परंपरांत मतभेद आहे. दिगंबर परंपरेत मल्लिनाथ पुरुष आहेत. श्वेतांबर परंपरेत मल्ली ही मिथिलेच्या कुंभ राजाची कन्या. तो वाद आज येथे सोडवायचा नाही. पण श्वेतांबर आगमांतल्या ज्ञाताधर्मकथेत मल्लीची जी गोष्ट येते, तिच्यात आजच्या विषयाचे मर्म आहे. सहा देशांचे राजे मल्लीसाठी मिथिलेवर चालून येतात. मल्लीने आधीच स्वतःची हुबेहूब सोन्याची प्रतिमा करून ठेवलेली असते, आतून पोकळ, माथ्यावर कमळाच्या आकाराचे झाकण असलेली. रोजच्या जेवणातला एक घास ती त्या झाकणातून आत टाकते. सहाही राजे प्रतिमा पाहतात आणि हीच मल्ली असे समजून मोहून जातात. मग मल्ली स्वतः येते आणि झाकण उघडते. कुजलेल्या अन्नाची दुर्गंधी सुटते, राजे नाक झाकून तोंड फिरवतात आणि तेव्हा ती त्यांना विचारते की, ज्या देहासाठी युद्धाला निघालात त्याच्या आत वेगळे काय आहे? राजांना पूर्वजन्म आठवतात आणि ते वैराग्याकडे वळतात. या कथेत प्रतिमा निर्दोष होती. मूळ रूपाशी ती तंतोतंत जुळत होती. तरी तिच्याकडे पाहून राजांचा भ्रम वाढलाच. तो फिटला एका स्त्रीने झाकण उघडून प्रश्न विचारल्यावर. आपण ‘आत्मपरीक्षण’, ‘चिंतन’, ‘स्वतःकडे वळून पाहणे’ हे सारे आरशाच्या भाषेत बोलतो. ती भाषा आपल्याला चुकीच्या वाटेला नेते, आणि खऱ्या चिंतनाला आरशापेक्षा दुसऱ्या माणसाची गरज अधिक असते, असे मला आज मांडायचे आहे.

आरसा काय करतो ते आधी नीट पाहू. प्रकाश ज्या कोनात येतो त्याच कोनात तो परत पाठवतो. तो स्वतःचे काही घालत नाही, काही जपून ठेवत नाही. माणूस समोरून हलला की आरसा रिकामा. डोक्यापासून पायापर्यंत आपण दिसावे म्हणून आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो; पण तो कितीही मोठा केला तरी आपली पाठ त्यात दिसत नाही. पूर्वी घासून लखलखीत केलेल्या धातूचे आरसे असत. केरळात आरन्मुळा येथे ते आजही घडवतात. 1835 साली लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत शोधली आणि कालांतराने आरसा घरोघरी आला. आरसे स्वच्छ झाले, स्वस्त झाले. त्या प्रमाणात माणसाला स्वतःची ओळख अधिक पटली असे मात्र कोणी म्हणणार नाही. आरशाचा सगळा व्यवहार पृष्ठभागाशी असतो. आपल्या वसमत-हिंगोलीच्या बाजारात हळद येते. ढोलात घासून पिवळीधमक केलेली हळकुंडे ढिगावर चमकत असतात, पण जाणता खरेदीदार त्या चकाकीवर भाव ठरवत नाही. तो हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. स्वतःला पाहण्याचे कामही या मोडण्याच्या जातीचे आहे, आणि हळकुंड स्वतःला मोडत नसते.

पृष्ठभागावरचे परावर्तन आणि आतला रंग यांतला हा भेद विज्ञानाच्या इतिहासात एकदा फार स्पष्टपणे पुढे आला. समुद्र निळा का दिसतो, या प्रश्नावर लॉर्ड रॅले यांचे मत असे होते की, खोल समुद्राचा निळेपणा पाण्याचा नाहीच, ते आकाशाचे प्रतिबिंब आहे. रॅले हे नोबेल मिळवलेले, प्रकाशाच्या विकिरणावरचे सर्वांत मोठे अधिकारी. त्यांचे म्हणणे मान्य होते. 1921 साली चंद्रशेखर वेंकट रामन ‘नारकुंडा’ या जहाजातून भारतात परत येत होते. भूमध्य समुद्राची गर्द निळाई पाहून त्यांनी खिशातला निकोल प्रिझम काढला. पाण्यावरून एका ठरावीक कोनात परतणारा प्रकाश ध्रुवीभूत असतो, आणि प्रिझम योग्य तऱ्हेने फिरवला की तो गाळून टाकता येतो. म्हणजे समुद्रावरचे आकाशाचे प्रतिबिंब तेवढे पुसता येते. प्रतिबिंब पुसल्यावर निळाई जायला हवी होती. ती गेली नाही, उलट अधिक गडद झाली. निळेपणा पाण्याच्या आतून येत होता. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत होते. जहाज मुंबई बंदरात आले तोवर रामन यांचे टिपण तयार होते, पुढच्या वर्षी सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वाटेने 28 फेब्रुवारी 1928 चा रामन परिणामाचा शोध लागला. एखाद्या गोष्टीचे स्वरूप कळण्यासाठी कधी कधी तिच्यावर पडलेले प्रतिबिंब आधी दूर करावे लागते, हे या प्रयोगाने दाखवले. आणि ते समुद्राला आपले आपण करता येत नव्हते. बाहेर उभा असलेला, हाती साधन असलेला आणि मोठ्या नावाला न बिचकणारा एक निरीक्षक त्यासाठी लागला.

माणसाच्या बाबतीत याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच हिंगोली जिल्ह्यातला आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते की, नामदेव विठ्ठलाचे इतके लाडके होते की देव त्यांच्याशी बोलत असे, त्यांच्या हातचा नैवेद्य खात असे. अशा माणसाला स्वतःविषयी शंका येण्याचे कारणच नव्हते. संतमेळ्यात मुक्ताबाईने गोरोबाकाकांना विचारले, तुमच्या थापटण्याने कोणते मडके पक्के, कोणते कच्चे हे सांगता, तर आमचीही परीक्षा करा. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत गेले. बाकीचे गप्प राहिले; नामदेव चिडले. गोरोबांनी निर्णय दिला की हे मडके कच्चे आहे. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. येथे कथेने घेतलेले वळण मला फार महत्त्वाचे वाटते. विठ्ठलाने नामदेवांची समजूत घातली नाही, आणि त्यांना स्वतः उपदेशही केला नाही. त्याने त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवले. तेथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हा काय अनाचार म्हणून विचारले. विसोबा म्हणाले, माझ्याने हलवत नाही, जेथे देव नसेल तेथे पाय नेऊन ठेव. नामदेव पाय जिकडे नेतील तिकडे पिंडी. ज्याच्याशी देव बोलत होता त्यालाही देव एका मूर्तीपुरता नाही हे कळण्यासाठी दुसरा माणूस लागला, तोही सभ्यतेच्या दृष्टीने विचित्र वागणारा. विठ्ठलाच्या प्रेमात नामदेवांना स्वतःची जी प्रतिमा दिसत होती ती खोटी नव्हती. ती अपुरी होती, आणि तिच्या गोडीमुळे तिचे अपुरेपण त्यांना दिसत नव्हते. पुढे पंजाबपर्यंत पोचलेले, ज्यांच्या 61 रचना गुरू ग्रंथसाहिबात आहेत ते नामदेव औंढ्यानंतरचे आहेत, हे विसरता येणार नाही.

ही केवळ कथेची चतुराई असती तर मी तिच्यावर एवढा भार टाकला नसता. पण चिंतनाविषयीचे आपले शास्त्रही हेच सांगते. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार क्रमाने दिले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचना म्हणजे ग्रंथ वाचणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, अनुप्रेक्षा म्हणजे वाचलेल्या अर्थाचे मनात पुन्हा पुन्हा मनन करणे. बारा भावना ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांना अनुप्रेक्षा हा शब्द नवा नाही. माझे लक्ष क्रमाकडे आहे. वाचले आणि लगेच मनन सुरू केले, असा क्रम सूत्रात नाही. मध्ये पृच्छना आहे. माणूस कोणापुढे तरी जाऊन ‘हे मला कळले नाही’ किंवा ‘मला कळले ते असे, ते बरोबर आहे का’ असे विचारतो, आणि मग मनन करतो. न विचारता केलेले मनन आपल्याच चुकीच्या अर्थाभोवती फिरत राहण्याचा धोका असतो. प्रायश्चित्ताच्या बाबतीतही तसेच आहे. त्याच सूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार येतात आणि त्यांतला पहिला आलोचना. आलोचना म्हणजे गुरूपुढे आपला दोष निष्कपटपणे बोलून दाखवणे. दोषापासून माघारी फिरणे, म्हणजे प्रतिक्रमण, तिच्यानंतर येते. मनातल्या मनात स्वतःला दोष देणे सोपे असते, कारण मनातला न्यायाधीश आपलाच नातेवाईक असतो. दुसऱ्यासमोर उच्चारताना वाक्य पूर्ण करावे लागते, आणि वाक्य पूर्ण करताना कारणांची आड सुटते.

येथे जाणकार श्रोत्यांच्या मनात आक्षेप उभे राहिले असतील, आणि ते कमजोर नाहीत. पहिला आक्षेप तीर्थंकरांचाच. तीर्थंकर स्वयंबुद्ध असतात. दिगंबर परंपरेत मल्लिनाथांना वैराग्य झाले ते विवाहासाठी सजवलेले नगर पाहून, पूर्वीच्या स्वर्गातले विमान आठवल्यामुळे. त्यांना कोणी प्रश्न विचारला नाही. भरत चक्रवर्तींची कथा तर थेट आरशाची आहे. जिनसेन-गुणभद्रांच्या महापुराणात भरताला आरशात एक पांढरा केस दिसतो आणि तो दीक्षा घेतो. श्वेतांबर परंपरेत आरसेमहालात बोटातली अंगठी गळून पडते आणि बोडके बोट पाहून त्याला ज्ञान होते. मग आरसा पुरतो असेच ना म्हणायचे? याला माझे उत्तर दोन भागांत आहे. परंपरेनेच स्वयंबुद्ध आणि बोधितबुद्ध असा भेद केला आहे. दुसऱ्याच्या उपदेशाने जागे होणारे ते बोधितबुद्ध, आणि आपण सारे त्या वर्गातले. स्वाध्यायाचे नियम त्यांच्यासाठीच लिहिले गेले. दुसरे असे की, भरताच्या आरशाने काम केले ते रूप दाखवून नव्हे. रूप तर तो रोज पाहत होता. एका दिवशी आरशात अपेक्षेबाहेरचे काहीतरी आले: एक पांढरा केस, एक रिकामे बोट. परकेपणा आरशाच्या आत शिरला तेव्हाच विचार सुरू झाला. दुसरा आक्षेप समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचा. त्याच्या आरंभीच वर्धमानांचे ज्ञान तिन्ही लोकांसाठी आरशासारखे आहे असे म्हटले आहे. म्हणजे आरसा हा तर ज्ञानाचा आदर्श झाला! खराच झाला. पण तो आरसा साधनेच्या अंती येतो. ज्याला कशाचीही ओढ उरलेली नाही, त्याच्याच ज्ञानात जग जसेच्या तसे उमटते. आपल्या आरशात मात्र आपण पाहू इच्छितो तेच आधी दिसते. आणि एकांताचे काय, असे वारकरी विचारतील. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले ते कशाला? एकांताचे मोल मी कमी करत नाही. पण तुकोबा त्या डोंगरावर पूर्वीच्या संतांची वचने पाठ करत होते आणि स्वप्नात नामदेवांनी आज्ञा केली असे त्यांनीच सांगितले आहे. तो एकांत माणसांनी भरलेला होता.

व्यक्तीकडून समाजाकडे आलो की हाच प्रश्न अधिक कठीण होतो, कारण समाजाला आपली प्रतिमा फार प्रिय असते. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र काढले आणि त्याचे नाव दर्पण ठेवले. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी असे दोन रकाने त्यात असत. त्याचे मोठेपण समाजाचे चित्र छापण्यात कमी आणि समाजाला जाब विचारण्यात जास्त होते. विधवांच्या पुनर्विवाहासारखे विषय त्यात चर्चेला आले. पुढे 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकरा’त लोकहितवादींची शतपत्रे आली. एका उच्चवर्णीय सरकारी अधिकाऱ्याने आपल्याच वर्गाच्या आळसावर, पोथीनिष्ठेवर इतके कठोर लिहिले, हे आजही धाडसाचे वाटते. पण 1855 साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेचा निबंध छापून आला, तेव्हा शतपत्रांची मर्यादाही दिसली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली, जेमतेम चौदा वर्षांची मातंग समाजातली ही मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि आम्हाला धर्मच कोणता, असे विचारते. लोकहितवादी कितीही प्रामाणिक असले तरी हा प्रश्न त्यांना सुचणे शक्य नव्हते. तो जेथून दिसतो तेथे ते उभेच नव्हते. समाजाची पाठ समाजाला दिसत नाही. ज्यांना त्याने पाठीमागे उभे केले आहे त्यांनाच ती दिसते.

यावरचा सर्वांत बलवान आक्षेप विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी घेतला. 1874 साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर कडक टीका केली. त्यांचा रोख असा होता की, परकीय राज्यात दबलेल्या समाजाला सतत त्याचे दोषच दाखवत राहिले तर त्याचा आत्मविश्वास मोडतो, आणि मोडलेला समाज सुधारतही नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. दोष दाखवणारा प्रत्येक जण हितचिंतक असतो असे नाही. राज्यकर्ते आणि मिशनरी दोषांवर बोट ठेवत तेव्हा त्यामागे त्यांचे हेतूही असत. पण विष्णुशास्त्र्यांच्या उत्तरातली उणीव अशी की, परक्यांची निंदा आणि आपल्याच घरातल्या पिचलेल्यांची तक्रार यांत त्यांनी फरक केला नाही. इंग्रज मिशनरी आणि मुक्ता साळवे या दोघांनाही ‘आमच्यावर टीका करणारे’ म्हणून एकाच पंक्तीत बसवता येत नाही. मिशनऱ्याला हा समाज सोडून जाता येत होते. मुक्ताला येथेच जगायचे होते, आणि तिच्या प्रश्नाला उत्तर मिळाले तर समाजाचा आत्मविश्वास वाढणारच होता.

आणि मराठवाड्याबद्दल बोलायचे तर 1978 टाळून पुढे जाता येत नाही. आपण या भूमीला संतभूमी म्हणतो, आणि साधार म्हणतो: नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, तेरचे गोरोबाकाका. मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून चोखोबा गेले तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या, आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. ही परंपरा खरी आहे, अभिमानाची आहे. पण 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि याच संतभूमीत गावोगाव दलितांची घरे जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळले. ज्या माणसाने औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले, त्याचे नाव विद्यापीठाला द्यायला सोळा वर्षे लागली. 14 जानेवारी 1994 रोजी नाव मिळाले तेही विस्ताराच्या रूपाने. संतभूमी ही प्रतिमा त्या सोळा वर्षांत आपल्याला उपयोगी पडली नाही. मला तर वाटते की तिने आपल्याला झोपवून ठेवले. अभंग गाणाऱ्या गावात असे होणारच नाही, असा विश्वास त्या प्रतिमेने दिला होता. तो खरा की खोटा हे सांगू शकणारी माणसे त्याच गावांच्या कडेला राहत होती आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.

शेवटचा आक्षेप आजच्या तरुणांकडून येईल: दुसऱ्यांच्या नजरेनेच स्वतःला पाहायचे असेल तर ‘लोक काय म्हणतील’ या जुन्या जाचात पुन्हा अडकायचे का? हातातल्या मोबाइलवर दिवसभर दुसऱ्यांची पसंती मोजणाऱ्या पिढीला हा प्रश्न जवळून भिडतो. माझा भेद असा आहे. लोक काय म्हणतील ही भीती बलवानांच्या मतापुढे झुकते: भावकी, गाव, गर्दी. मी ज्याची गरज सांगतो तो प्रश्न बहुतेक वेळा खालून येतो, एकट्याकडून येतो, आणि त्याला गर्दीचा पाठिंबा नसतो. मल्ली सहा सेनांपुढे एकटी होती. मुक्ताबाई संतमेळ्यात वयाने सर्वांत लहान होती. मुक्ता साळवे एका शाळेतली मुलगी होती. विसोबांनाही औंढ्यात कोणी मान देत असेल असे कथेत दिसत नाही. त्यांचे ऐकणे म्हणजे लोकमताला शरण जाणे होत नाही. ते लोकमताच्या विरुद्ध जाऊनच ऐकावे लागते.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांपुढे आणि येथल्या शाळा-महाविद्यालयांपुढे एक काम ठेवतो. परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या गावांत 1978 च्या ऑगस्टमध्ये काय घडले, हे ज्यांनी सोसले त्यांच्या तोंडून गावागावात नोंदवून घेतले पाहिजे. तेव्हा वीस वर्षांचे असलेले लोक आज पासष्टीच्या पुढे गेले आहेत. काहींची घरे जळाली, काहींनी गाव सोडले, काहींना शेजाऱ्यांनी आपल्या घरात लपवून वाचवले. हे सगळे लिहिले जायला हवे, वाचवणाऱ्यांचे आणि जाळणाऱ्यांचेही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होते, विद्यार्थी लिहून काढू शकतात. विचारणारे विद्यार्थी शक्यतो वेगळ्या वस्तीतले असावेत, म्हणजे विचारणाऱ्याचीही परीक्षा होईल. सांगणाऱ्याने नाव लपवायला सांगितले तर लपवावे, आणि एखादा माणूस बोलायला नाही म्हणाला तर त्याच्या दारातून नमस्कार करून परत यावे.